जाईबाईच्या खिळ्यावरच्या किल्ल्या

मला कुणी तोंडाळ म्हणतं, तर म्हणू दे. पण तेव्हा जे बोलले ते मीच बोलले, हे कबूल करायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर नऊ नंबरात जाईबाई राहायची. विधवा बाई, मूलबाळ नाही, घरीच बसून गोधड्या शिवायची. आम्ही नवराबायको दोघं गिरणीत, पाळ्या वेगळ्या, म्हणून आमची किल्ली तिच्याकडे. आमचीच कशाला, अख्ख्या मजल्याची. तिच्या दारामागे एक लांब खिळा होता, त्यावर चौदा किल्ल्या. गावाला जाणारेसुद्धा महिना महिना खोली तिच्या भरवशावर टाकून जायचे.

तिचा दीर रमाकांत काँग्रेसवाला, आमचे हे लाल बावट्याचे. सत्तेचाळीसला चाळीवर झेंडा लावताना हे त्याच रमाकांतच्या खांद्यावर चढले होते. दोघं भांडायचे कचाकचा, पण एक चहा दोघांत प्यायचे. कोण कुठल्या पार्टीचा हे बघून किल्ली द्यायची, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत म्हटल्यावर सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. माझा जगदीश एकोणीस वर्षांचा, मोर्चात सगळ्यांच्या पुढे. त्याला आणि शेजारच्या नलूच्या पोराला, रघुला, पोलीस नाव घेऊन शोधायला लागले. रघु दुसऱ्याच दिवशी सापडला. तेव्हा जाईबाईच म्हणाली, "अकरा नंबरवाले गावाला गेलेत. पोराला आत घाल, मी बाहेरून कुलूप लावते. बंद खोलीत कोण बघायला जातंय?"

हे तिला आणि आम्हा घरच्यांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गिरणीतून आले, तर अकरा नंबर सताड उघडा. कुलूप तुटलेलं नव्हतं. कडीला लटकत होतं आणि किल्ली त्यातच होती. जगदीशला पोलीस घेऊन गेले होते.

"मी नाही सांगितलं गं, कौसल्या," जाईबाई म्हणाली.

"मग किल्ली काय पायांनी चालत गेली?"

ती वळून हातातल्या गोधडीला टाके घालायला लागली. मला तेवढं पुरलं. सरकार काँग्रेसचं, दीर काँग्रेसचा, आणखी काय पाहिजे? खिळ्यावरची माझी किल्ली ओरबाडली आणि गॅलरीत उभी राहून बोंबलले, "आपापल्या किल्ल्या घेऊन जा गं बायांनो! खबरी पोसलीय आपण!"

संध्याकाळपर्यंत खिळा रिकामा झाला. नळावर जाईबाईची कळशी कुणी पुढे सरकू देईना. शिवायला दिलेल्या गोधड्या लोक अर्ध्या शिवलेल्या परत घेऊन गेले. आणि आम्ही सगळे दारं लावून जेवायला लागलो. दूधवाला जरा जास्त रेंगाळला तरी वाटायचं, ऐकतोय मेला.

तीन आठवड्यांनी जगदीश सुटून आला. वाळून काडी झालेला. जेवायला बसला आणि ताटाकडे बघून हसायला लागला.

"आई, तुझा बांगडा मला लई महागात पडला."

"कसला बांगडा?"

मीच त्याला शेगडी, कोळसे आणि दोन सुके बांगडे आत देऊन ठेवले होते. पेजेबरोबर लागतो त्याला. त्यानं तो भर दुपारी भाजायला घेतला. नेमका तेव्हाच हवालदार दोन शिपाई घेऊन आमच्या खोलीची झडती घ्यायला जिना चढत होता. मजल्यावरचे सगळे पाळीवर, जाईबाईशिवाय चिटपाखरू नव्हतं. तोही आमच्यासारखाच मालवणचा, वास लगेच ओळखला. अकरा नंबरापुढे येऊन उभाच राहिला.

"हंय कोण रवता?"

"गावाक गेलीत ती," जाईबाई म्हणाली.

"मगे बांगडो कोण भाजता?"

जाईबाई किल्ली देईना. शिपाई दार फोडायला लागले तेव्हा जगदीशच आतून ओरडला, "मावशी, उघड. लोकांचं दार आहे, मोडायला नको."

मी हातातला घास ताटात टाकला. तशीच उष्ट्या हातानं उठून नऊ नंबरात गेले. जाईबाई भांडी ट्रंकेत भरत होती. खोली सोडून गिरगावात बहिणीकडे जाणार होती.

"बोलली का नाहीस तू?" मी किंचाळले. खोटं कशाला सांगू, मला रागच आला तिचा.

"पोर तुरुंगात, आणि आईला काय सांगू, तुझ्या बांगड्यानं धरून दिला म्हणून?" ती म्हणाली. "मला वाटलं, आठ दिवसांत उतरेल तुझा राग."

मी तिचे हात धरले. म्हटलं, "जाऊ नकोस. उद्या नळावर सगळ्यांना सांगते. नाक घासते हवं तर."

आणि सांगितलं. सकाळी नळावर, बांगड्यासकट, काही न लपवता. कुणी हसलंसुद्धा नाही. नलूनं हंडा खाली ठेवला.

"झालं तुझं? आता मी विचारते. दोघांवर एकच गुन्हा. माझा रघु अजून आत आहे. तुझा जगदीश कसा सुटला गं? रमाकांतनं सोडवला ना?"

"नाही गं नलू, शप्पथ घेऊन सांगते."

"जाईबाई पण नाहीच म्हणत होती. तू ऐकलंस?"

मी अर्धीच भरलेली कळशी उचलली. माझं तोंड कधी कुणी बंद केलं नव्हतं. पण नलूच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, वर दोन शिव्या घालून. जगदीश कसा सुटला, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? त्या रात्री मीही त्याला विचारलं होतं. "तू पण, आई?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

दुपारी जाईबाई निघाली. तिची ट्रंक खाली न्यायला मजल्यावरचा एक माणूस पुढे आला नाही. एक कडी जगदीशनं धरली, दुसरी मी. हातगाडीवर ट्रंक चढवताना वर गॅलरीत सगळ्या ओळीनं उभ्या होत्या. नलूनं आवाज खाली करायचीही तसदी घेतली नाही.

"बघा," ती म्हणाली, "तिघं एकाच टोळीतली."