खोला म्हणजे ओढा

मी एक जुनी सॅक आहे आणि मित्रांनो, मी गोड बोलणार नाही. माझ्या अंगावर मोठ्या कंपनीचं नाव आहे. ते खोटं आहे. काठमांडूच्या एका गल्लीत मला शिवलं. शिवणाऱ्याने टाके मात्र खरे घातले. सात वर्षांत एक शिवण उसवलेली नाही.

माझा मालक मिलिंद वेम्बलीला राहतो, बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि दर दसऱ्याच्या सुमारास नेपाळच्या कोपऱ्यांत भटकतो. बझाङ, हुम्ला, दार्चुला. जीप थांबली की मी त्याच्या पाठीवर. पावसात भिजायचं मी, खेचरांना घासायचं मी, आणि लोक म्हणणार, "काय रे मिलिंद, तुझा स्टॅमिना." माझं नाव कोणी काढत नाही.

त्याला वाटतं, पाट्या देवनागरीत म्हणजे भाषाही आपलीच. दार्चुल्याच्या वाटेवर पाटी होती, 'अगाडि खोला'. "पुढे उघडा? काय उघडा?" असं म्हणत तो कंबरभर पाण्यात शिरला. तिकडे खोला म्हणजे ओढा. जीपवाला हसून हसून खाली बसला. मी तीन दिवस ओली.

दार्चुला हे सीमेवरचं गाव. पूल ओलांडला की भारत. तिथे दसऱ्याच्या दिवशी चहावाल्या म्हातारीने मिलिंदच्या हातात एक पाकीट दिलं. तिची मुलगी विष्णा साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात कामाला आहे. पाच वर्षांत तिला घरी यायला जमलेलं नाही. पाकिटात घटातले कोंब आणि टीका, म्हणजे कपाळाला लावायचे लाल तांदूळ. आईचा आशीर्वाद. तो पौर्णिमेच्या आतच लावायचा असतो, आणि पोस्टाने पाठवलेला दर वर्षी उशिरा पोचतो.

"छोरीलाई दिनू है, बाबु. पूर्णिमासम्म," म्हातारी म्हणाली.

"पोचवतो, आमा. प्रॉमिस," म्हणत मिलिंदने ते माझ्या वरच्या कप्प्यात टाकलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही वेम्बलीला होतो.

"अरे, त्या मुलीचं पाकीट?" त्याच्या बायकोने, ऋजुताने विचारलं.

"वीकेंडला बघू."

"शनिवारी पौर्णिमा आहे."

"शनिवारी माझं भाषण आहे गं. स्लाइड्स बाकी आहेत."

ट्रेनने जायला दोन तास लागतात. मी दाराशी पडून होते. मला पाय असते तर मी एकटी गेले असते.

शनिवारी दुपारी मंडळाचा कोजागिरीचा कार्यक्रम होता. मिलिंदच्या भाषणाचा विषय, 'हिमालयातली निर्मळ माणसं'. मला टेबलावर प्रदर्शनाला ठेवलं. त्याने ओढ्याचा किस्सा सांगितला, टाळ्या घेतल्या. मध्यंतरात मंडळातल्या डॉक्टर सुलक्षणाताई माझे कप्पे बघू लागल्या. त्यांच्या हाताला पाकीट लागलं.

"हे काय रे?"

"असेल काहीतरी. उघडा की ताई, वर लिहिलंयच, खोला."

ताईंनी पाकीट उघडलं. पिवळे कोंब आणि लाल झालेले तांदूळ. मग त्यांनी पाकिटावरची ओळ नीट वाचली. 'आमा, काली खोला.'

"मिलिंद, हा पाठवणारीचा पत्ता आहे, तिच्या घराजवळचा ओढा. आत्ताच किस्सा सांगितलास ना? आणि हे तर आपल्या घटातलं दिसतंय. कोणाचं आहे?"

"साउथहॅम्प्टनला एक मुलगी आहे. मी पोचवणारच होतो."

"कधी? पुढच्या कोजागिरीला? मी तिथेच राहते. एक फोन केला असतास तर स्टेशनवर येऊन घेतलं असतं. नंबर दे तिचा."

"ताई, दूध तरी घेऊन जा."

"तू पी. तुला अजून बोलायचंय."

त्या गाडी काढून निघून गेल्या.

अंधार पडायच्या आत फोटो आला. युनिफॉर्ममधली विष्णा, कपाळभर टीका, कानामागे कोंब. आईच्या वयाच्या म्हणून ताईंनीच लावला होता. विष्णाचे डोळे सुजलेले दिसत होते.

आणि मिलिंदने त्या फोटोचं काय केलं? भाषणाची शेवटची स्लाइड. नंतर चार गावांत दाखवली. खाली लिहिलंय, 'आम्ही पोचवलेला आशीर्वाद'.

मित्रांनो, मला धुऊ नका, पॉलिश करू नका, कपाटात जपू नका. मी टिकेन. पण कुणाचं काही वाहायला घेतलंत तर ते आधी ज्याचं त्याच्या दारात नेऊन द्या. आणि दुसऱ्याने नेऊन दिलं, तर निदान 'आम्ही' लिहू नका.