शेजारच्या टेबलावरचा धावपटू

माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणतात, आणि ते खरंच होतं. कोतोतल्या या जपानी ऑफिसात लागले त्या वर्षीच मी भर मीटिंगमध्ये साहेबांची चूक काढली. वर्षअखेरीच्या शेऱ्यात आलं, 'यामिनी-सान यांनी वातावरण ओळखून बोलावं.' मग शिकले. सहा वर्षांत इतकी शिकले की नव्या आलेल्या मराठी मुलींना मीच धडे द्यायला लागले. त्याचा मला तोराही होता.

शेजारच्या टेबलावर मिझोगुची बसायचा. आमच्या कंपनीचा धावपटू. इथे कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात. बारा वाजेपर्यंत कागदपत्रं, मग सराव. शंभर मीटर हा दहा सेकंदांच्या जरा वर पळायचा, पण एक एक्सेल शीट भरायला त्याला आठवडा लागायचा.

"मिझोगुची-सान, बोटांनाही स्पाइक्स घाला," मी चिडवायची. एकोणतीस वर्षांचा बाप्या कानापर्यंत लाल व्हायचा. मला त्याची माया होती, कशाला लपवू?

सप्टेंबरात ओसाकाला कंपन्यांच्या संघांची मोठी स्पर्धा होती. त्याच्या चार दिवस आधी माझं पेन खाली पडलं म्हणून वाकले, तर हा मांडीखाली बर्फाची पिशवी दाबून बसलेला.

"दुखतंय?"

"जिना उतरताना," तो हळूच म्हणाला. "फायनल गाठली नाही तर मार्चमध्ये संघातून काढतील. कोणाला सांगू नका. तुम्ही सांगणार नाही, म्हणूनच बोललो."

शुक्रवारी त्याचे कोच हिरानो-सान ऑफिसात आले. सगळ्यांनी सह्या केलेलं कापडी बॅनर भिंतीवर लावलं होतं, साहेब खुशीत होते. कोचनी मला चहाच्या मशीनपाशी गाठलं.

"तुम्ही त्याच्या शेजारी बसता. खरं सांगा, तो पाय जपून टाकतो का?"

मी बॅनरकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. वातावरण ओळखलं.

"नाही. ठीक दिसतो."

ग्योतोकुला घरी आल्यावर नवऱ्याला, केदारला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "अगं, मसल इंज्युरी आहे, जोक नाही. कोचला आत्ता फोन कर."

"तुला इथलं काही कळत नाही," मी त्याला झटकून टाकलं.

रविवारी मिझोगुची प्राथमिक फेरीत तिसरा आला, फायनल गाठली. आम्ही बावीस जण स्टँडमध्ये प्लास्टिकच्या नळ्या बडवत होतो. फायनलमध्ये साठ मीटरपर्यंत तो दुसरा होता. मग एकदम हात मांडीमागे गेला, दोन पावलं लंगडला आणि पडला. तरी आमच्या नळ्या थोडा वेळ वाजतच राहिल्या.

मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला होता. ऑपरेशन झालं, चालणं सुधारलं, पळणं संपलं. नंतर हिरानो-सान मला हॉस्पिटलच्या दारात भेटले. मी कबूल केलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तीन आठवड्यांची विश्रांती पुरली असती," ते एवढंच म्हणाले. "मार्चचं मी कंपनीशी बोलणार होतो."

सहा वर्षांत नको तिथे कितीदा गप्प बसले असेन, त्याचं कधी काही वाटलं नाही. या एका 'ठीक दिसतो'साठी मात्र मी स्वतःला माफ करू शकत नाही.

एप्रिलपासून मिझोगुची पूर्णवेळ कारकून झाला. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकला.

"तेव्हा तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. तुमच्यामुळे मला ती फायनल पळता आली. आभारी आहे."

मला ओरडून सांगायचं होतं, अरे वेड्या, तुझ्या कोचनी मला विचारलं होतं, मी खोटं बोलले. ऑफिसातले सगळे हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत होते. साहेबांचे डोळे पाणावले होते.

मी उठले, त्याच्याइतकीच वाकले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं."