खांबाच्या गळ्यातली वीणा

कीर्तनाच्या सप्ताहात वीणा कुणी कुणाच्या हातून ओढून घेत नाही. घेणारा आधी देणाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो, मग वीणा त्याच्या गळ्यातून याच्या गळ्यात येते, आणि देणारा उलटून याच्या पाया पडतो. सप्ताह चालू आहे तोवर वीणा भुईला टेकायची नाही. एक पहाऱ्यावरून उतरला की दुसरा उभा. शेवटी काल्याचं कीर्तन होतं, वीणा देवापुढे ठेवतात, दहीलाह्या वाटतात आणि सगळे मोकळे होतात. इंदूला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वडील कीर्तनकार, तिचा पाळणा हलला तोच टाळाच्या ठेक्यावर. नवरा माधव कचेरीत कारकून, पण गळा असा, की वरच्या सुरावर टेकला की म्हाताऱ्यांनी उपरण्यानं डोळे पुसावेत.

म्हणून तर तिसगावच्या मठीत माधव वाकला, तेव्हा इंदूला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लढाईचे दिवस होते. नगरच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या नृसिंहरावांना एका वेडानं धरलं होतं. यादवांच्या काळी देवळात जसं गात, तसं पुन्हा गायचं. पेटी बंद, तबला बंद. आतड्याच्या तारा, मातीच्या खोडाचा मृदंग, काशाचे टाळ. मंडळी चौघांची. नृसिंहराव पावा वाजवत, केडगावचे शेतकरी आसाराम मृदंगावर, गायला माधव, आणि टाळ घेऊन मागे झील धरायला, म्हणजे पदाची ओळ मागून उचलायला, इंदू. गावातले टवाळ त्यांना 'पुराणातली वांगी' म्हणत.

"म्हणू द्या," नृसिंहराव म्हणत. "पेटीनं कान किडलेत त्यांचे."

"पर मास्तर, वांगी खाल्ली तर पायजेत कुनी," आसाराम म्हणायचे. "आजवर धा मानसं जमली न्हाईत ऐकायला."

अडलं होतं ते किन्नरी वीणेवाचून. बांबूची दांडी, खाली भोपळे, दांडीवर गिधाडाच्या हाडाचे पडदे. तसली एक तिसगावबाहेरच्या मठीत आहे, असा नृसिंहरावांना सुगावा लागला आणि पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून धूर खात चौघं तिकडे गेले.

टळटळीत दुपार. मठी सांभाळणारी राहीबाई झाडत होती. वीणा खुंटीवर नव्हती. मधल्या दगडी खांबाला, माणसाच्या गळ्यात असावी तशी, पट्ट्यानं अडकवलेली होती. खांबाच्या पायाशी ताजी फुलं होती.

"न्या बाबांनो," राहीबाई म्हणाली. "आमी हात लावत न्हाई. तेल-फुलं तेवढी खांबाला घालतो."

"खांबाला? देवाला न्हाई?" आसारामांनी विचारलं.

"देवाला बी घालतो. पन उभा ह्योच हाय न्हवं."

सगळे हसले. नृसिंहराव तर पडदे मोजण्यात दंग. माधवनं आपल्या सवयीनं खांबाच्या पायावर डोकं टेकवलं, पट्टा अलगद सोडवला आणि वीणा स्वतःच्या गळ्यात घातली.

राहीबाईचा झाडू थांबला. ती खांबाजवळ गेली, त्याच्यावरून हात फिरवला आणि दमून आलेल्या लेकराला म्हणावं तसं म्हणाली, "सुटलास रं बाबा."

केडगावच्या देवळात त्यांचा कार्यक्रम झाला तो तिसऱ्या प्रहरी. माधवनं पहिलं पद उचललं आणि इंदूच्या अंगावर काटा आला. आवाज त्याचाच होता, पण खोल आडातून यावा तसा. तिनं झील धरली. धरली मात्र, मागून दुसरी झील उठली. भरदार, खरखरीत, पुष्कळ पुरुषांची. तिनं वळून पाहिलं. मागं भिंत होती. ती थांबली, झील थांबली नाही. आसारामांचा हात ठेका धरून चालला होता, पण डोळे पांढरे झाले होते. समोर लोक मात्र डोलत होते, देवाचं नाव घेत रडत होते.

पद संपल्यावर देवळाचे पंच काकासाहेब पुढे आले. "नृसिंहराव, मानलं बुवा! झीलकरी कुठं दडवले होते? गाभाऱ्यात?"

"आम्ही चौघंच आहोत," नृसिंहराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला. "जुन्या वाद्यांचा गुण, काकासाहेब! नाद असा भरतो."

घरी आल्यावर माधवनं वीणा काढली नाही.

"अहो, ठेवा ती आता. पान वाढलंय."

"कुणी घ्यायला आलं की काढतो," तो म्हणाला आणि भिंतीपाशी उभा राहिला.

आधी तिला थट्टा वाटली. पण तो बसेना. उभ्यानं दोन घास खायचा, पुढं पुढं तेही सुटलं. पाय सुजून खांबासारखे झाले. बोटं तारेवरून फिरत राहायची, ओठ हलत राहायचे. कचेरीतून निरोप आला तर त्यानं कुठली कचेरी म्हणून विचारलं. एका सकाळी इंदूनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा त्यानं तिच्याकडं परक्यासारखं पाहिलं.

"बाई, तुम्ही कुठल्या?" तो म्हणाला. "पहाऱ्याची माणसं कुठं गेली सगळी?"

इंदूनं तांब्या खाली ठेवला आणि पदर खोचून थेट नृसिंहरावांचं घर गाठलं. आसाराम तिथेच होते.

"वहिनी, पुण्याचा ठरलेला एवढा एक कार्यक्रम होऊ द्या," नृसिंहराव अजिजीनं म्हणाले. "असा नाद पुन्हा कानी पडायचा नाही हो."

"नाद तुम्हाला, नवरा माझा!" इंदू म्हणाली. "तो उभ्या उभ्या मरायला लागलाय."



"मी पाया पडून घेतो की वीना," आसाराम उठत म्हणाले. "माजे पाय नांगराचे हायेत. टिकतील."

"आणि मग तुमच्या मालकिणीला मी काय सांगू? बसा खाली. मोटार बघा. जिथून घेतली, तिथं जाऊन विचारायचं."

माधव साऱ्या वाटेनं मोटारीच्या टपाला डोकं घासत उभाच आला.

राहीबाईनं त्याला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मग सांगितलं. तिच्या आजेसासूच्या वेळची गोष्ट. मठीत सप्ताह बसला होता. अखेरच्या दिवशी गावात पटकीची साथ शिरली. टाळकरी दगावले, झीलकरी दगावले. पहाऱ्यावरच्या वीणेकऱ्यानं स्वतःला खांबाला बांधून घेतलं, का तर आपण पडलो तरी वीणा पडू नये. लोक आले तेव्हा तो तसाच उभा होता, मेलेला. वीणा घ्यायला पुढं कुणी होईना, म्हणून पट्टा खांबालाच अडकवला.

"आनि काला ऱ्हायला तो ऱ्हायलाच."

"मागाहून का नाही केला?"

"काल्याला वीना देवापुढं चालत न्यावी लागती. खांब कसा चालंल, बाई?"

इंदूनं माधवच्या सुजलेल्या पायांकडं पाहिलं. "हे चालतील," ती म्हणाली. "दही आहे का घरात?"

राहीबाई दही आणि लाह्या घेऊन आली. बाहेर ऊन भाजत होतं, आत शेणानं सारवलेली रिकामी जमीन. इंदू कीर्तनाला उभी राहिली. बाईनं उभं राहावं की नाही, हे विचारायला तिथं दुसरं होतंच कोण? आसारामांनी मृदंग जुळवला. नृसिंहरावांनी पावा काढला, पण ओठाला लावला नाही.

तिनं वडिलांच्या चालीवर गोकुळ उभं केलं. गाई चरायला सोडल्या, कळंबाखाली पोरं गोळा केली, कुणाची भाकर शिळी, कुणाची नाचणीची, सगळी एकत्र कालवली. गाता गाता भीती कुठं गेली तिलाही कळलं नाही. आणि तिनं हाक घातली, "या गडी हो, हात पुढे करा, कुणी उपाशी जायचं नाही!"

रिकाम्या जमिनीतून झील उठली. राहीबाई मट्कन खाली बसली. इंदू मागं सरली नाही. माधवकडं पाहून म्हणाली, "वीणेकरी, काला झाला. चला देवापुढं."

माधवनं एक पाय उचलला. दगड उचलावा तसा. मग दुसरा. खांबापासून गाभाऱ्यापर्यंतची ती चार हातांची वाट, पण त्याच्या कपाळावरून घाम धारांनी वाहत होता. त्यानं पट्टा गळ्यातून काढला आणि वीणा देवाच्या पायाशी ठेवली. झील तुटली. माधव तिथंच डोळे मिटून उभा राहिला, छाती हलते आहे की नाही ते कळेना.

काला न वाटता कीर्तन संपत नाही. इंदूनं परात कमरेवर घेतली. प्रसाद देताना घेणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, हाताकडं बघावं, असं वडील सांगत. तिनं हाताकडंही बघितलं नाही. डोळे मिटले आणि पहिली मूठ पुढं केली.

मुठीखाली तळहात आला. गार, ओलसर, विहिरीतल्या दगडासारखा. तिनं मूठ सोडली. तो गेला, दुसरा आला. मग आणखी एक. कुठलं बोट वाकडं, कुठला हात टाळानं घट्टे पडलेला, सारे गार. ती देत राहिली, तोंडानं देवाचं नाव घेत राहिली, आणि प्रत्येक हाताशी तिच्या मनात येई. याच रांगेत माधव असला तर? त्याचाही हात असाच लागला तर?

परात हलकी झाली. बोटांना परातीचा तळ लागला. तिनं उरलेलं निपटून पुढं केलं.

हात आला तो उबदार होता. घामानं चिकट. थरथरत होता.

तिला डोळे उघडायचा धीर होईना.

"इंदू," माधव म्हणाला, "पाय फार दुखतात गं."

तो जमिनीवर बसला होता. परातीत शितभरही उरलं नव्हतं, आणि सारवलेल्या भुईवर एक लाही सांडलेली नव्हती. इंदूनं सगळ्यांदेखत त्याचे पाय मांडीवर ओढून घेतले आणि चेपायला लागली. तेवढ्यात बाहेर अंगणात पायताणं चढवल्याचा आवाज झाला, पुष्कळ जणांचा, आणि बोलण्याचा आवाज वेशीकडे दूर जात गेला. आसाराम उठून दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरच थबकले. इंदूनं मान वर केली नाही. ती पाय चेपत राहिली.