उंच फळीवरची फणी

मी एक जुनी लाकडी फणी आहे. माझे दोन दात पडले आहेत, पण हसू नका. उरलेल्या दातांनी मी अजून भल्याभल्या गुंत्यांना वठणीवर आणते.

एका कारागिराने मला कठीण लाकडातून कोरलं, तेलात मुरवलं. दुकानातून मी एका आईच्या हाती आले. शाळेआधी ती लेकीला पुढ्यात बसवून गुणगुणत केस विंचरायची. "हलू नकोस गं, भांग वाकडा पडतो!" असं लेकीला दटावायची आणि माझं मात्र कौतुक करायची. मित्रांनो, तेव्हा मी फार सुखात होते.

मग आजारपणात आई गेली. बाबांना मी डोळ्यांसमोर नको झाले. त्यांनी मला आरशावरच्या उंच फळीवर ठेवलं. आत्याने नवा ब्रश आणला. मुलगी मात्र माझ्याखाली येऊन बसायची आणि कानामागची बट तोंडात घालून चघळायची, तोडायची, गिळायची. मला सगळं दिसत होतं. पण फणीला दात असतात, जीभ नसते.

तिचं पोट दुखू लागलं. "जंत असतील," आत्या म्हणाली. औषधं झाली. शेवटी पोट फुगलं, शौचाला होईना, पाण्याचा घोटही उलटून पडू लागला. दवाखान्यात निघताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, आईची फणी घे ना."

डॉक्टरबाईंच्या हाताला पोटात टणक गोळा लागला. बाई उशाशी बसल्या, तेव्हा त्यांना कानामागचे तुटके, विरळ केस दिसले. मला उचलून त्यांनी ते हलकेच विंचरले.

"केस खातेस का गं, बाळा?"

मुलगी रडू लागली. "आईचा हात लागायचा ना त्यांना."

"असं क्वचितच होतं," बाई बाबांना म्हणाल्या. "केस पचत नाहीत, त्यांचा गोळा होतो. त्यानेच आतड्याची वाट अडलीय. पोटाचा फोटो काढून खात्री करू, पण ऑपरेशनला उशीर नको. जिवावर बेतेल."

पोटातून केसांचा काळा गोळा निघाला. त्याचं शेपूट आतड्यात खोलवर उतरलं होतं. पोर वाचली.

टाके सुकल्यावर बाबांनी मला हातात घेतलं. भांग वाकडाच पडला. "आई गुणगुणायची," मुलगी म्हणाली. बाबांना ती चाल येत नव्हती. ते कुठलंतरी गुणगुणू लागले आणि मध्येच त्यांनी तिला जवळ ओढलं. मग दोघंही पोटभर रडली.

मित्रांनो, मी लाकूड आहे, फळीवर पडून राहिले तरी चालतं. पण तुमच्या वर्गातल्या कुणाची आई गेली असेल, तर तिचा विषय टाळू नका. ती कशी होती, ते विचारा आणि ऐका.

आता मी मुलीच्या हाताशी असते. बाबांचा भांग अजून वाकडाच पडतो. ती तो सरळ करत नाही, तशीच शाळेत जाते.