सत्तेचाळीस नंबरचं टोकन

"तीन रुपये म्हणजे तीन रुपये, बाबूजी. घ्याचं असन तं घ्या, नाई तं ठेवा," रंभाबाई म्हणाली आणि तिने तो तांब्याचा पैसा माझ्या हातातून काढून परत टोपल्यात टाकला.

मी उठायचं नाटक केलं. तिला ते नाटक पाठ होतं. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला बिनकिल्लीचं कुलूप दाखवायला लागली. मी पुन्हा बसलो.

बाजाराच्या अगदी टोकाला, बैलांच्या पलीकडे तिचं पोतं अंथरलेलं असायचं. फुटके कंदील, कुलपं, बूड गेलेल्या, पाणी भरायच्या पितळी गुंड्या. गावोगाव फिरून ती मोड, म्हणजे भंगार, गोळा करायची आणि त्या मोडीत जी जुनी नाणी यायची ती एका टोपल्यात वेगळी ठेवायची. त्या टोपल्यासाठी मी दर बाजाराला बारा किलोमीटर यायचो. भोकाचे पैसे, कंपनीचे पाव आणे, कधीमधी राणीछाप रुपया. आजचा पैसा मात्र नागपूरकर भोसल्यांच्या वेळचा होता. मी कडेवरून नख फिरवलं होतं. साच्यात ओतून केलेल्या नकली नाण्याला कडेला शिवण लागते, याला नव्हती. चिंच लावून कोणी घासलाही नव्हता. मी मनातल्या मनात नाचत होतो आणि तोंड कडू करून बसलो होतो.

नाण्यांच्या बाबतीत माझा एक नियम होता. वाजवी भाव. महाग घेतलं तर रुखमिणी, म्हणजे माझी बायको, आठवडाभर बोलायची. आणि स्वस्त घेतलं तर मलाच झोप यायची नाही. एकदा एका म्हातारीकडून चांदीचा रुपया आठ आण्यांत घेतला, तर चार रात्री तळमळलो आणि पाचव्या दिवशी तिचं गाव शोधत जाऊन उरलेले पैसे देऊन आलो. लोक याला प्रामाणिकपणा म्हणायचे. खरं सांगतो, ती भीती होती. मी जन्माचा भित्रा. देवाला भ्यायचो, साहेबाला भ्यायचो, बायकोला तर भ्यायचोच.

"अडीच," मी म्हणालो.

"घ्या बाप्पा. तुमच्यासंगं कोन डोकं लावन."

मी सदऱ्याच्या खिशातून मूठभर चिल्लर काढून पोत्यावर ठेवली. ती एकेक नाणं बोटाने बाजूला सारत गेली आणि थांबली.

"हे काय देऊन राहिले? हे नाणं चालत नाई."

"भोकाचा पैसा असेल."

"भोकाच्या पैशाले मधात भोक रायते. याले तं कडेले आहे."

तिने ते माझ्यापुढे धरलं. पितळेची गोल चकती, वरच्या कडेला भोक, मध्ये ठोकलेला आकडा. सत्तेचाळीस.

मला आधी हसू आलं. मग बाजाराचा आवाज एकदम दूर गेला.

हे टोकन म्हणजे काय ते सांगायला हवं. सालईटोल्याच्या मँगनीजच्या खदानीत मी दिव्याच्या खोलीवर बाबू होतो. खाजगी मालकाची छोटी खदान, शंभरेक माणसं. खाली उतरणारा प्रत्येक माणूस माझ्या खिडकीत आपलं टोकन द्यायचा आणि डोक्याला लावायचा दिवा घ्यायचा. टोकन मी फळीवरच्या त्याच्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचो. माणूस वर आला की दिवा परत, टोकन परत. फळीवर टोकन आहे म्हणजे माणूस खाली आहे. फळी रिकामी म्हणजे खाली कोणी नाही. मग दुपारी तीनला भोंगा वाजायचा आणि सुरुंग उडवायचे. दिव्यांचा हिशेब कोणी बघत नसे, कारण पाचसहा दिवे कायमच दुरुस्तीत असत. सगळा भरवसा त्या फळीवर.

सत्तेचाळीस नंबर आनंदरावचा. पंपखलाशी होता. अगदी तळाला, जुन्या बोगद्याच्या टोकाशी एकटा बसून पाणी उपसायचा. पंपाच्या आवाजात त्याला भोंगा ऐकू येणं शक्य नव्हतं. कधी कधी तो सगळ्यांच्या नंतर वर यायचा, फळीवरचं टोकन बघून कोणी खाली जाऊन हाक मारली की.

त्या दिवशी सकाळी तो उशिरा, धावत आला होता. त्याच वेळी एक ट्रॉलीवाला मला शेतात सापडलेलं नाणं दाखवत होता आणि मी ते उजेडाला धरून बघत होतो. आनंदरावने टोकन हातात ठेवलं, दिवा उचलला आणि गेला. नाणं खोटं निघालं. ते मी परत दिलं आणि हातातलं टोकन, डोळे अजून त्या नाण्यावरच, खिशात टाकलं. नाणं खिशात जातं ना, तसं. दहा वाजता जोडीदार बाबूला, केशवरावला खिडकी सोपवून, अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन मी बाजाराला निघून आलो.

"बाबूजी, काय झालं? पानी पाजू का?" रंभाबाई विचारत होती.

मी टोकन उचललं आणि पळालो. पैसे तिथेच, तो भोसल्यांचा पैसाही तिथेच.

कापडवाल्याच्या दुकानात घड्याळ होतं. दोन वीस. एसटी चारला. मी धावत राहिलो. बाजाराच्या तोंडाशी पोस्ट होतं. पोस्टात फोन होता. खदानीवर मॅनेजरच्या बंगल्यात फोन होता.

मी पोस्टाच्या पायरीवर पाय ठेवला.

आता त्या पायरीबद्दल काही लपवत नाही. मी पाय ठेवला आणि मला मॅनेजर साहेबाचा आवाज ऐकू आला. सत्तेचाळीसचं टोकन कुठं आहे श्यामराव? माझ्या खिशात, साहेब. मग नोकरी गेली, क्वार्टर गेलं, दोन मुली आणि रुखमिणी रस्त्यावर. मी स्वतःला म्हणालो, लाइन लागत नाही, नेहमीच लागत नाही, फोनच्या नादात वेळ जाईल. लाइन लागते की नाही हे मी विचारलंसुद्धा नाही. पाय मागे घेतला.

समोरून आमच्याच खदानीचा ट्रक येत होता. स्टेशनवर माल टाकून रिकामा परत चालला होता. भय्याजी ड्रायव्हरने मला वर घेतलं.

"कुटी धावून राहिले बाबू? कोनी मेलं का काय?"

"नाही," मी म्हणालो.

टोकन मुठीत होतं. मी देवाचं नाव घेत होतो, मधेच विसरत होतो, पुन्हा पहिल्यापासून घेत होतो. आनंदरावची बायको शकुनबाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ती रोज दुपारी खदानीच्या फाटकाशी त्याचा डबा घेऊन उभी राहायची. नाल्यावर भय्याजीने ट्रक थांबवला. इंजिनात पाणी टाकायचं होतं.

"भय्याजी, चला ना."

"इंजन जळन, मंग ढकलता का तुमी?"

तो डबा घेऊन सावकाश उतरला, सावकाश चढला. मी त्याला खरं सांगितलं असतं तर तो त्या जळत्या इंजिनासकट धावला असता. माणूस तसा होता. मी नाही सांगितलं.

टेकडीच्या वळणावर आलो आणि आवाज झाला. एक. दोन. तीन. दूरचे, दबके. ट्रकची काच थरथरली.

"तीन वाजले," भय्याजी म्हणाला आणि बिडी पेटवली.

त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही. फाटकाशी उतरलो तेव्हा शकुनबाई डबा घेऊन उभी होती. तिने पदर सावरून मान लववली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

दिव्याच्या खोलीपाशी आलो. खिडकीखालच्या दगडावर आनंदराव बसला होता. अंगभर काळा चिखल, दिवा मांडीवर.

मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसलो.

"बाबूजी, माहं टोकन?"

मी हात पुढे केला. मूठ उघडेना. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. तळव्यावर टोकनाचा गोल वळ उठला होता.

"तुमी खिशात टाकलं ते पायलं होतं म्या," तो हळू आवाजात म्हणाला. "घाई होती. म्हनलं, मंग लावतीन बाबूजी. मंग खाली पंपाजवळ बसलो अन् मनात आलं, नसन लावलं तं? एकदा आलं मनात, मंग बसवेना. लय भेव लागला. पंप तसाच सोडला अन् चढलो वर."

"केशवरावला काय सांगितलं?"

"सांगतलं का टोकन द्याचंच भुललो सकाळी." त्याने इकडेतिकडे बघितलं. "तुमाले दोन पोरी आहेत."

त्यालाही तीन होत्या.

सोडलेला पंप पाण्यात बुडाला आणि जळला. संध्याकाळी साहेबाने आम्हा दोघांना बोलावलं. आनंदराव मान खाली घालून उभा. साहेबाने मला विचारलं, "श्यामराव, यानं सकाळी टोकन दिलं होतं की नाही?"

खोलीत पंखा फिरत होता. आनंदरावने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. कदाचित नसतोही.

"आठवत नाही, साहेब," मी म्हणालो.

त्याला पंपावरून काढून ट्रॉली भरायला लावलं. खलाशी माणूस, तो ओझी वाहणाऱ्या रेजा-कुलींच्या रांगेत गेला. त्या रात्री मी रुखमिणीला सगळ्या सदऱ्यांचे खिसे वरून शिवून टाकायला सांगितलं.

"काहून?" ती म्हणाली.

"वस्तू राहून जातात."

नाण्यांचा डबा मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला. बाजाराला पुन्हा गेलो नाही. आणि रोज सकाळी आनंदराव खिडकीत यायचा, टोकन द्यायचा, दिवा घ्यायचा आणि थांबायचा. टोकन खिळ्याला लागल्याचा आवाज झाला की मगच निघायचा. मागची रांग ओरडायची तरी हलायचा नाही. मी अकरा वर्षं रोज ते टोकन त्याच्या डोळ्यांदेखत लावलं.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात तो छातीच्या आजाराने गेला. सत्तेचाळीस नंबर दुसऱ्या कोणाला दिला. त्या दिवाळीत मी निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर एका बाजारी मी एसटीत बसलो. रंभाबाई तिथेच होती, बैलांच्या पलीकडे. दात गेले होते. तिने मला दोनदा बघितलं आणि कमरेच्या पिशवीतून एक कागदाची पुडी काढली.

"तुमचा पैसा. अडीच रुपये दिलते, मोजून घेतले म्या. मंग दुसऱ्याले कायले विकू?"

"आता याचे पंचवीस येतील, रंभाबाई."

"येऊ दे ना. सौदा तवाच झालता."

तो भोसल्यांचा पैसा माझ्या तळव्यावर होता. वाजवी भावाचा. हात सवयीने छातीकडे गेला आणि शिवलेल्या खिशावर आपटला. मी पैसा मुठीत धरला आणि स्टँडकडे निघालो.

पोस्ट वाटेतच होतं. पायरीवर बसलो, तर आतून नवा पोस्टमास्तर बाहेर आला. तरुण पोरगा होता.

"फोन लावायचा आहे का, काका? लाइन चालू आहे."

"तेव्हाही चालू होती का हो?" मी विचारलं.

त्याला काही कळलं नाही. तो आत गेला. बस येईपर्यंत मी त्या पायरीवर बसून राहिलो. मूठ घामाने ओली झाली होती, पण मी ती उघडली नाही.