शेवटच्या ओळीत एकटं टिंब

थंडघराच्या तीन नंबरच्या खोलीत नऊशे पोती बटाट्यांनी एकदिलाने कोंब काढले आणि त्याची खबर हेड ऑफिसला लागली ती एका ट्रक ड्रायव्हरच्या नाकामुळे. खरं तर खबर देणं हे नाकाचं काम नव्हतं. खोली सहा अंशांच्या वर गेली की थंडघरातल्या सर्व्हरने आपणहून मेल टाकायचा, अशी व्यवस्था होती. खोली एकोणीसवर गेली. सर्व्हरने हूं की चूं केलं नाही.

"ही व्यवस्था कोणी केली होती?" हेड ऑफिसच्या मॅडमनी विचारलं.

"मी," सिस्टमवाला म्हणाला.

"मग जा."

हे काम त्याला ऑफिसात बसूनही करता आलं असतं. पण बटाट्यांच्या बाबतीत मॅडमना पश्चात्ताप प्रत्यक्ष हवा होता. म्हणून तो सकाळची बस पकडून साडेअकराला थंडघराच्या फाटकात उभा राहिला. याआधी तो पाच महिन्यांपूर्वी इथे आला होता, वडिलांना पोचवायला. वडील इथले ऑपरेटर. सत्तावीस वर्षं त्यांनी बटाट्यांना गारठवलं आणि शेवटी एका दुपारी याच आवारात, खुर्चीत बसल्या बसल्या, स्वतःच थंड झाले.

फाटक उघडलं स्वेटरकाकांनी. हे स्टोअरकीपर. बारा महिने एकच मरून रंगाचा स्वेटर, उन्हाळ्यात बाह्या वर सारून.

"या. बटाटे बघायला आलात?"

"मेल बघायला आलोय, काका."

"बरोबर. माणसं बघायला कशाला कोण येतंय."

काकांचं बोलणं पहिल्यापासूनच असं, फ्रीजरच्या दाराला जीभ लावावी तसं.

ऑपरेटरची खोली होती तशीच होती. लोखंडी टेबल, काळा स्क्रीन, खुर्चीवर दुमडलेलं पोतं. स्क्रीनच्या कडेला खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला आणि त्यावर बाबांचं ठसठशीत अक्षर: *आधी mail. मग टिल्लूचा पत्ता. मग विषय. मग मजकूर. शेवटच्या ओळीत एकटं टिंब. टिंब टाकलं की पत्र गेलं. मग pochla.*

टिल्लू म्हणजे तोच. उंची पाच फूट अकरा.

हा पुठ्ठा त्यानेच दीड वर्षापूर्वी फोनवरून सांगून लिहून घेतला होता. सर्व्हर नवा होता, त्याने दुरूनच बसवला होता आणि बाबांना काळ्या पडद्यावरून मेल टाकायला शिकवलं होतं. बाबा पहिल्याच आठवड्यात तरबेज झाले, पण खोड एक होती. प्रत्येक मेलनंतर ते फोन करायचे. "टिल्लू, पोचलं का?" दिवसातून चारदा. मीटिंगमध्ये. लिफ्टमध्ये. एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना. इनबॉक्स न बघताच तो हो म्हणून टाकायचा.

शेवटी त्याने वैतागून बाबांसाठी एक कमांडच बनवून दिली. pochla असं टाइप केलं की सर्व्हरच्या नोंदीतली शेवटची ओळ पुढे येते. "तिथे सेंट दिसलं की पोचलं," त्याने सांगितलं होतं. "आता फोन करू नका हो बाबा. काही असेल तर मेल टाका."

"बरं," बाबा म्हणाले होते.

आणि फोन बंद झाले. अगदी नळ बंद करावा तसे. पहिले पंधरा दिवस त्याला सुटल्यासारखं वाटलं. महिन्याभराने चुकल्यासारखं. तिसऱ्या महिन्यात राग आला: एवढं काय बोललो मी? त्यांनी करावा की एखादा फोन, नाहीतर टाकावा मेल. मेलही येत नव्हता. मग त्यानेही नाही केला. हट्ट हा त्यांच्या घरात रक्तगटासारखा होता, दोघांचाही सारखाच. तेरा महिने असे गेले आणि मग फोन आला तो स्वेटरकाकांचा.

पाच महिने त्याच्या छातीत एकच गोष्ट अडकली होती. म्हातारा आपल्यावर रुसून गेला.

त्याने आपल्या नावाने लॉगिन केलं. पडद्यावर नेहमीची ओळ उमटली: यू हॅव न्यू मेल.

त्याने ती नेहमीसारखीच ओलांडली. या धंद्यात ती ओळ कोणी वाचत नाही. सर्व्हर स्वतःच्या पोटात एक टपालपेटी ठेवतो आणि तिच्यात आपल्याच तक्रारी आपल्यालाच कळवत बसतो. डिस्क भरत आली, घड्याळ दोन सेकंद मागे आहे, असल्या. घरातला म्हातारा बडबडत असतो आणि पोरं शेजारून निघून जातात, तसं. दीड वर्षात त्याने या सर्व्हरवर अकरा वेळा लॉगिन केलं होतं. अकराही वेळा ती ओळ आली होती.

त्याने चाचणीचा मेल लिहिला. विषय चाचणी, मजकूर चाचणी, एकटं टिंब. गेला. pochla टाइप केलं. सेंट. खिशातल्या फोनवर ऑफिसचा इनबॉक्स उघडला. काही नाही. पाच मिनिटं थांबला. काही नाही. मग आपल्या खासगी पत्त्यावर पाठवला. फोन लगेच टुणकन वाजला.

म्हणजे बाहेर जातोय. फक्त ऑफिसला जात नाहीये.

नोंदीतली ओळ त्याने या वेळी शेवटपर्यंत वाचली. सेंटच्या पुढे कंसात बारीक लिहिलं होतं की पत्र पेटीत टाकलं. ऑफिसच्या सर्व्हरकडे सोपवलं, असं कुठेच नव्हतं.

त्याने टपालाची सेटिंग उघडली. त्यात एक ओळ असते: कुठल्या नावांचं टपाल माझं स्वतःचं. तिथे फक्त या यंत्राचं नाव हवं. त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन दीड वर्षापूर्वी कोणीतरी ऑफिसचंही नाव घातलं होतं. कोणीतरी म्हणजे कोण, हे फाईलच्या डोक्यावर लिहिलेलंच होतं. तेव्हाही त्याने चाचणी खासगी पत्त्यावर केली होती. ती पोचली होती आणि तो चहाला गेला होता.

तेव्हापासून ऑफिसच्या पत्त्यावरचं पत्र आलं की यंत्र म्हणायचं, अरे, हे तर आपल्याच घरचं! आणि ते स्वतःच्याच पोटात ठेवायचं, त्या त्या माणसाच्या पेटीत. वर प्रामाणिकपणे नोंद करायचं: सेंट.

"काका," त्याने हाक मारली. "बाबा इथून मेल टाकायचे?"

स्वेटरकाका दारात आले. "रोज. चारला. चार म्हणजे चार. मी म्हणायचो, अहो तो उत्तर देत नाही, कशाला बोटं झिजवताय? तर म्हणायचे, साहेब बिझी आहेत."

"मला वाटलं ते रागावलेत."

"तुमच्यावर?" काका पहिल्यांदाच हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "दर वेळी ते पोचलं का काय ते दाबायचे आणि मला बोलावून दाखवायचे. बघ, सेंट. पोराने बनवलंय."

सिस्टमवाल्याने पेटी उघडली. वर गेल्या आठवड्यातले सत्तेचाळीस मेल होते, तीन नंबरची खोली तापली, तीन नंबरची खोली तापली, असा आक्रोश. त्यांच्याखाली पाच महिन्यांची शांतता. आणि तिच्याखाली बाबांची तीनशे त्र्याण्णव पत्रं. मराठी होती, पण इंग्रजी अक्षरांत. कारण तेवढंच शिकवलं होतं. विषय सगळ्यांचा एकच: तापमान. तापमानाशिवाय मेल टाकणं नियमात बसत नसावं, असं त्यांनी धरलेलं.

*टिल्लूशेठ, खोली एक ३.८. खोली दोन ४. खोली तीन ४.१. पोचलं असेल. फोन करत नाही.*

*खोली एक ३.९. बाकी ठीक. माझा गुडघा दुखतो, अंश माहीत नाहीत.*

*सगळ्या खोल्या ४. बटाटे शांत आहेत. स्वेटर अशांत आहे, त्याचं पेन हरवलं. माझ्याकडे आहे. सांगू नकोस.*

पुढे पुढे खोल्या आटत गेल्या आणि बाकीचं वाढत गेलं. जिन्यावर दम लागतो. तुझी आई असती तर तुला दोन शब्द ऐकवले असते, मला जमत नाही. तू जेवलास का, हे विचारायला कुठली खोली लिहू?

आणि त्या पत्रांत सगळ्यांत वरचं, म्हणजे शेवटचं:

*खोल्या ठीक. त्या दिवशी तू डॉक्टरकडे होतास ते मला माहीत नव्हतं रे. दात बरा आहे ना? उत्तराची घाई नाही. सेंट येतं, ते मला पुरतं.*

खिशात फोन खणाणला. मॅडम.

"सापडलं?"

"सापडलं. सेटिंगमध्ये एक नाव जास्त होतं. माझी चूक."

"आधीचे मेल कुठे अडकले होते का?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "एकही अडकला नव्हता. सगळे माझ्याच पेटीत होते."

त्याने ऑफिसचं नाव खोडलं आणि टपालाची यंत्रणा पुन्हा सुरू केली. चाचणी पाठवली तेव्हा फोन लगेच वाजला. काम संपलं. बस सव्वाचारची होती.

स्वेटरकाका अजून दारातच होते. त्याने टेबलाचा खण उघडला, आतलं निळं पेन काढून त्यांच्यासमोर धरलं.

"हे तुमचं."

काकांनी पेन उलटंपालटं करून पाहिलं. "वर्षभर शोधलं हे मी. म्हातारा सोबत शोधायचा, टेबलाखाली वाकून!" एवढं म्हणून ते तडक बाहेर गेले, आणि बराच वेळ स्वेटरच्या बाहीने काहीतरी पुसत पाठमोरे उभे राहिले.

चार वाजले. पुठ्ठ्याकडे बघत, एकेक पायरी पाळत, त्याने याच यंत्रावरच्या बाबांच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. विषय: तापमान. मजकूर: *बाबा, पोचलं. दात बरा आहे. जेवलो.* शेवटच्या ओळीत टिंब टाकायला त्याला इतका वेळ लागला की पडदा आपोआप काळा झाला आणि त्याला कळ दाबून तो जागा करावा लागला.

pochla.

सेंट.

मग तो यंत्रावर बाबांच्या खात्यात शिरला. त्याच्याकडे सगळ्या किल्ल्या होत्या. पडद्यावर ओळ उमटली: यू हॅव न्यू मेल. ती त्याने पूर्ण वाचली, दोनदा. पत्र त्याने उघडलं नाही, ते त्याच्या नावाचं नव्हतं.