एका श्वासाचा भोंगा

मार्गशीर्षातले ऊन. पिकल्या गवताचे, पिवळेधमक, पठारभर सांडलेले ऊन. वाऱ्याची मंद लहर येई, गवत लवे, ऊन लवे आणि आजऱ्याहून घाटाकडे निघालेला तो धूळधूसर रस्ताही क्षणभर लवल्यासारखा वाटे.

त्या रस्त्याच्या कडेला प्रल्हाद शिंत्र्यांची पडवी होती आणि पडवीत गेलेला काळ निवांत पडून होता. निस्तेज मोटारदिवे होते, मुठी झिजलेले रंधे होते, किल्ली हरवलेली पत्र्याची माकडे होती. गावाने टाकावे आणि प्रल्हादाने उचलावे, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. बायको म्हणे, "एक दिवस मलाही खुंटीला टांगाल." तो हसे, पण हसता हसता रिकाम्या खुंटीकडे बघे.

या सगळ्या गोतावळ्यात त्याचा जीव जडला होता एका भोंग्यावर. पितळी, कमळमुखी, सोनसळी भोंगा. गावोगावचे उतारू नेणाऱ्या जुन्या सर्व्हिस मोटारीचा. मागचा रबरी फुगा मात्र वाळून तडकला होता. फार तर एकदा दाबता आला असता, मग फाटलाच असता. नवा फुगा बसवणे प्रल्हादाला पाप वाटे. जसे आहे तसे जपायचे, हा त्याचा धर्म. म्हणून तो रोज सकाळी भोंगा मऊ फडक्याने पुसायचा आणि आवाजाची नुसती कल्पना करायचा.

त्या दुपारी पलीकडच्या वाडीतली हौसाक्का आली. कृश, शुभ्रकेशी, फिकट निळ्या लुगड्यातली. भोंग्यासमोर ती थबकली. पितळेला पडलेल्या पोच्यावरून तिने हलकेच बोट फिरवले.

"आमच्या मालकांच्या गाडीचा ह्यो. त्येच चालवायचे गाडी. वडाची फांदी लागून पोचा आला हुता. वाजवा की एकदा, दादा."

"आक्का, रबर गेलंय त्याचं. एकदा वाजवला की संपला. परत कधीच नाही."

ती उंबऱ्यावर टेकली. "मालक जाऊन लई वर्सं झाली. तोंड आठवतंय त्येंचं. आवाज मातर गेला बघा मनातनं. लई धुंडाळला, गावंना. म्हटलं, ह्येचा तरी ऐकावा."

 प्रल्हादाला तिची कणव आली आणि स्वतःचा रागही आला. समोर पितळ झळकत होते. मुके पितळ, नितळ पितळ, कुणाच्याच उपयोगाचे नसलेले पितळ. इतकी वर्षे आपण नेमके काय जपले, ते त्याला सांगता येईना.

त्याने भोंगा काढला. "इथं नको. मोकळ्यावर चला."

दोघे रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. वारा पडला होता. गवत स्तब्ध, ऊन स्तब्ध, दूरचे नीलधूसर डोंगरही स्तब्ध. त्याने भोंगा तिच्यापुढे धरला.

"न्हाई, तुम्ही वाजवा," ती म्हणाली. "म्या नुसतं ऐकायचं."

त्याने डोळे मिटले आणि फुगा दाबला.

स्वर उठला. घोगरा, खोल, किंचित चिरकलेला. पठारावरून गेला, गवतातून गेला, दरीच्या काठावर जरा रेंगाळला आणि वळणावळणाने खाली उतरत, विरत, विरत गेला. प्रल्हादाच्या मुठीत काळ्या रबराचा चुरा उरला.

हौसाक्का रडली नाही. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला. नजर रस्त्याच्या वळणावर खिळलेली, सुरकुतल्या मुखावर नवथर लाली. आणि एकाएकी तिने प्रल्हादाचे कोपर धरले, त्या वाळक्या देहात कुठून आले कोण जाणे अशा बळाने त्याला कडेला ओढले.

"सरका की, दादा. गाडी येतीया."

रस्त्यावर काही नव्हते. ऊन होते, धूळ होती. तरी प्रल्हाद सरकला. गवतात, तिच्या शेजारी, अंग चोरून उभा राहिला. आणि गाडी समोरून जाईपर्यंत, जाऊन दिसेनाशी होईपर्यंत, धूळ हळूहळू खाली बसेपर्यंत दोघेही जागचे हलले नाहीत.